अर्ध्या तासात न्योकी आणि बटर सॉस : तीन आठवड्यांच्या नोंदी

बाबांच्या खालच्या दोन दाढा ३० जानेवारीला काढल्या. तीन आठवडे मऊ खायचं, फार गरम नाही, आणि रात्रीची औषधाची गोळी साडेआठला भरल्या पोटी घ्यायची, असं सांगितलंय. मी कामावरून साडेसातला घरी येते, म्हणजे हातात एक तास. दोनच दिवसांत बाबा पातळ आणि लगद्यासारख्या खाण्याला कंटाळले. "अगं, जिभेला काहीतरी आकार लागू दे," म्हणाले. त्यावरून न्योकी सुचली. बटाट्याच्या मऊ इटालियन गोळ्या, वर बटर. दाताखाली यावी पण दाताची गरज पडू नये, एवढीच अपेक्षा. हे कुणाला करून बघायचं असेल तर माझे वाया गेलेले बटाटे तरी कामी यावेत, म्हणून लिहून ठेवते आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

अर्धा किलो बटाटे घेतले. वेळ वाचावा म्हणून आधीच सोलले, मोठ्या फोडी केल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. १४ मिनिटांत शिजल्या. निथळून हाताने कुस्करल्या, अंड्याचा एक बलक घातला आणि १०० ग्रॅम मैदा. गोळा हाताला चिकटत होता, म्हणून आणखी मैदा. तरी चिकटतोय, म्हणून आणखी. शेवटी वजनकाट्यावरचं पीठ मोजलं तर २३० ग्रॅम गेलं होतं. मग पोळ्यांची कणीक मळतात तसा गोळा दहा मिनिटं चांगला मळला.

गोळ्या दिसायला सुरेख झाल्या, पाण्यात फुटल्या नाहीत, छान वर आल्या. पण खायला रबर. बाबांनी चार खाल्ल्या आणि काटा खाली ठेवला. मी एक चावून बघितली. माझे सगळे दात शाबूत असून जबडा दुखला.

एकूण वेळ १ तास ५० मिनिटं. सगळं वाया.

चूक एका जागी नव्हती, एकातून दुसरी निघाली. फोडी करून उकळल्याने बटाट्याने पाणी घेतलं. ते पाणी मुरवायला मैदा लागला. मैदा इतका झाला की तो गोळा बटाट्याचा राहिलाच नाही, आणि वर मी तो मळला. मैद्यात ओल आहे आणि वर मळणं आहे म्हटल्यावर त्याला चिवटपणा येणारच. पोळीला तो हवा असतो, इथे नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अख्खे, सालीसकट, प्रेशर कुकरमध्ये. तीन शिट्ट्या. झाकण काढलं तर निम्म्या बटाट्यांच्या साली तडकलेल्या आणि आत पाणी. तरी पुढे गेले. गुठळ्या राहू नयेत म्हणून मिक्सरमधून फिरवले, आणि हीच आजची मोठी चूक. वीस सेकंदांत भांड्यात डिंक तयार झाला. चमच्याने उचलला की तार सुटते. वेगाने फिरणारं पातं बटाट्याच्या पेशी फोडतं, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं. याला नंतर काही उपाय नाही. मैदा घालूनही बघितला, तो त्यात नुसता बुडाला.

फेकून दिलं. बाबांना सूप दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन भांडणं एका वेळी नकोत असं ठरवलं. न्योकीची पाकिटं मिळतात, हवाबंद, दोन मिनिटं उकळायची. अर्धा किलोचं एक आणलं आणि आज फक्त सॉसकडे लक्ष दिलं. उत्तर इटलीत बटर आणि सेज या सुवासिक वनस्पतीची पानं एवढ्यावरच हा सॉस करतात, 'बुर्रो ए साल्व्हिया'. दोनच जिन्नस, त्यामुळे मला वाटलं होतं की इथे अडायला काही नाही. चार वेळा केला तेव्हा जमला.

पहिली खेप: ५० ग्रॅम बटर, काळा नॉनस्टिक पॅन, मोठी आच. बटर वितळलं, फेस आला, मी ताटल्या काढायला वळले. परत आले तोवर करपल्याचा वास. काळ्या पॅनमध्ये रंग दिसतच नाही, त्यामुळे कधी तांबूस झालं आणि कधी काळं, ते कळायला मार्ग नव्हता. चव कडू. टाकून दिलं.

दुसरी खेप: स्टीलचा, आतून चकचकीत पॅन, मध्यम आच, आणि जागेवरून हलायचं नाही. या वेळी मन लावून बघितलं, आणि जास्त करून ऐकलं. बटर म्हणजे नुसतं स्निग्ध नाही; त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि थोडे दुधाचे घनकण. वितळल्यावर पाणी उडायला लागतं तेव्हा तडतड होते आणि पांढरा फेस चढतो. तडतड कमी होत जाते. ती जवळपास थांबली की पाणी संपलं, आणि तिथून पुढे तापमान भराभर चढतं. याच वेळी तळाशी बसलेले घनकण आधी सोनेरी, मग तपकिरी होतात आणि भाजलेल्या सुक्यामेव्याचा वास येतो. फ्रेंच लोक या बटरला हेझलनटचं नाव देतात, 'नोआझेत', ते या वासावरून पटतं. तडतड थांबल्यापासून ते तपकिरी होईपर्यंत माझ्या गॅसवर ४० सेकंद लागले, आणि तपकिरीपासून काळं व्हायला २० सुद्धा नाहीत. म्हणजे डोळ्यांआधी कान वापरायचे: आवाज मंदावला की हात गॅसच्या बटणावर.

ते तपकिरी बटर न्योकीवर ओतलं. वास अप्रतिम, पण ताटलीत तळाला तेलाचं थारोळं आणि वरच्या गोळ्या कोरड्या. बाबा म्हणाले, "खालच्या तेलकट, वरच्या कोरड्या. मधली एक चांगली होती."

तिसरी खेप: बटर तपकिरी झाल्यावर पॅनमध्येच न्योकी घ्यायची आणि ती ज्यात उकळली ते पाणी एक डाव घालायचं, असं ठरवलं. त्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो, तो बटर आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतो. मी गरम बटरवर सरळ पाणी ओतलं. भडका नाही, पण उसळी आली आणि मनगटावर भाजलं. दहा मिनिटं नळाखाली हात. तर हे नीट वाचा: आधी गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, मग पाणी पॅनच्या कडेने आणि थोडं थोडं. पॅन मागेपुढे हलवत राहिलं की अर्ध्या मिनिटात सॉस साईसारखा दाट होतो आणि प्रत्येक गोळीला लागतो. तसा झालाही. पण खारट! मी मीठ असलेलं बटर वापरलं होतं, उकळायच्या पाण्यातही मीठ, आणि ते पाणी सॉसमध्ये आटलेलं. बिनमिठाचं बटर घ्यायला हवं होतं.

चौथी खेप: बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम, पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ, उकळलेलं पाणी अंदाजे ६० मिलिलिटर. सेजची सहा पानं फेस ओसरायला लागल्यावर टाकली, अर्ध्या मिनिटात कुरकुरीत झाली. पानं धुतली असतील तर कापडात पूर्ण कोरडी करून घ्यायची, नाहीतर तीही उडतात. हा सॉस बरोबर आला.

पाकिटातली न्योकी मात्र बाबांना टाळ्याला चिकटली. घरची करायचीच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्वयंपाक नाही, फक्त बटाटे निवडले. न्योकीला पिठूळ बटाटा लागतो, जो उकडल्यावर भुसभुशीत फुटतो. नवा, पातळ सालीचा, उकडल्यावर मेणासारखा राहणारा चालत नाही. ढिगातला कोणता कसा हे वरून ओळखता येत नाही, पण मिठाच्या पाण्यात टाकून कळतं: १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवायचं. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, तो जड, तो बुडतो. मेणासारखा तरंगतो. माझ्याकडच्या १४ पैकी ९ बुडले, ५ तरंगले. आतापर्यंत मी दोन्ही एकत्र उकडत होते. तरंगलेले बाजूला ठेवले, ते भाजायला चांगले.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मोजण्याचा. बुडालेल्या बटाट्यांचे ४००-४०० ग्रॅमचे तीन वाटे केले आणि तीन तऱ्हांनी शिजवले. सोलल्यावर वजन, आणि मग गोळा हाताला जेमतेम चिकटेनासा होईपर्यंत किती मैदा लागतो, ते लिहिलं.

पहिला वाटा गार पाण्यात अख्खा टाकून सालीसकट उकडला. मंद उकळी, ३५ मिनिटं, एकही साल तडकली नाही. सोलून ३८२ ग्रॅम. मैदा ११५ ग्रॅम.

दुसरा वाटा ओव्हनमध्ये, ताटात जाड मिठाचा थर पसरून त्यावर, २०० अंशांवर. मीठ खालून ओल ओढून घेतं आणि बटाट्याचं बूड ओलसर राहत नाही. तासभर लागला. सोलून ३१८ ग्रॅम. मैदा ६५ ग्रॅम.

तिसरा मायक्रोवेव्हमध्ये. काट्याने सगळीकडून टोचून ५ मिनिटं, उलटून ४ मिनिटं, मग जाड कापडात गुंडाळून ५ मिनिटं तसाच. हे गुंडाळणं सोडू नका. मी एक बटाटा लगेच कापून बघितला तर मध्ये कच्ची गाठ होती, गुंडाळलेल्यांत नव्हती. सोलून ३२५ ग्रॅम. मैदा ७० ग्रॅम. टोकाला थोडा भाग चामड्यासारखा वाळला होता, तो काढून टाकावा लागला.

उकडलेला आणि भाजलेला यांत ५० ग्रॅम मैद्याचा फरक! पहिल्या रविवारी काय बिघडलं त्याचा हिशोब इथे आकड्यांत दिसला. पाणी जितकं कमी तितका मैदा कमी, आणि मैदा कमी तितकी गोळी मऊ.

तिन्हींच्या थोड्या थोड्या गोळ्या उकळून, कोणती कुठली ते न सांगता बाबांना दिल्या. त्यांनी ओव्हनची पहिली काढली, मायक्रोवेव्हची "जवळपास तीच". उकडलेली खाल्ली, पण "ही जरा भरीव आहे" म्हणाले. कामाच्या दिवशी ओव्हनचा तासभर परवडत नाही. मायक्रोवेव्हची १४ मिनिटं परवडतात. ठरलं.

ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नाही त्यांच्यासाठी: उकडलेला बटाटाही सुधारतो. सोलून गरम असतानाच बारीक करून परातीत पातळ पसरला आणि वाफ जाऊ दिली, तर दहा मिनिटांत ३८२ चे ३६५ झाले. ढीग करून ठेवला तर वाफ आतच मुरते.

बारीक करण्याबद्दल: पुरणयंत्र उत्तम. बारीक भोकांची चकती घालून सोऱ्याही चालतो, बटाटा शेवेसारखा हलका पडतो. दोन्ही नसेल तर जाड चाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबायचा. दाबायचा, घोटायचा नाही. आणि गरम असतानाच. गार बटाटा दाबायला दुप्पट जोर लागतो आणि गुठळ्या राहतात. बोटं भाजतात, म्हणून काट्याला टोचून साल काढते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारच्या आकड्यांनी हुरूप आला आणि मी अती केलं. कमी मैदा चांगला, तर आणखी कमी आणखी चांगला असं मानून ३२० ग्रॅम बटाट्याला फक्त ४० ग्रॅम मैदा घातला, बलक वगळला. गोळ्या वळल्या गेल्या, ताटात ढगासारख्या दिसत होत्या. सगळ्या एकदम खळखळत्या पाण्यात सोडल्या आणि झाऱ्याने ढवळायला गेले तर झाऱ्याला काहीच लागेना. दोन मिनिटांत पातेल्यात दाट पांढरं पाणी.

त्यातच बटर आणि किसलेलं पार्मेजान चीज घालून सूप म्हणून दिलं. बाबांनी पूर्ण वाटी प्यायली, औषधाची गोळी २० मिनिटं उशिरा.

आजपासून दोन नियम. एक, सगळा गोळा वळायच्या आधी एकच गोळी करून उकळून बघायची. तीन मिनिटं जातात, पण सगळं जेवण वाचतं. फुटली तर गोळ्यात दोन चमचे मैदा आणखी. दोन, पाणी खळखळू द्यायचं नाही. उकळी आल्यावर आच इतकी कमी की पाणी फक्त थरथरत राहील.

प्रमाणही इथेच पक्कं केलं: शिजून सोललेल्या बटाट्याच्या वजनाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश मैदा. ४०० ग्रॅमला ८० ते १०० ग्रॅम. एक बलक. बलकाशिवाय होते, हात बसल्यावर करूनही बघेन, पण घाईच्या दिवशी तो गोळ्या धरून ठेवतो. बटाटा कोमट झाल्यावरच बलक घालायचा, गरम असेल तर तो तिथेच शिजतो आणि पिवळे कण दिसतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोममध्ये गुरुवार हा न्योकीचा वार. शुक्रवारी मांस टाळून मासे खायचे, म्हणून आदल्या दिवशी पोटभरीचं, असा तिथला जुना रिवाज. आज त्याच वारी आमची न्योकी पहिल्यांदा न्योकी झाली.

साडेसातला आले, आधी पाणी गॅसवर चढवलं, मग बटाटे मायक्रोवेव्हमध्ये. हा क्रम आधी उलटा होता आणि गोळा तयार होऊन पाण्याची वाट बघत बसायचा. तयार गोळा बसला की बटाट्यातली ओल मैद्यात उतरते आणि तो पुन्हा चिकट होतो; तिथे हात मैद्याच्या डब्याकडे जातो आणि सगळी मेहनत फुकट. गोळा तयार होईल तेव्हा पाणी तयार असायलाच हवं.

मळलं नाही. ओट्यावर बटाटा पसरून त्यावर बलक, त्यावर मैदा भुरभुरवला आणि उलथन्याने दुमडत, दाबत एकत्र केलं. एक मिनिट. वरून थोडा खडबडीत दिसला तरी थांबायचं. बोटाएवढ्या जाड वळकट्या केल्या आणि सुरीने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे. ८२ झाले.

मग काट्यावरून रेघा काढायला बसले. इटलीतल्या वेरोना शहराच्या कार्निव्हलमध्ये पापा देल न्योको नावाचं पांढऱ्या दाढीचं सोंग मिरवतं, त्याच्या हातात राजदंडाच्या जागी भला मोठा काटा असतो आणि काट्यावर एक न्योकी टोचलेली. ते चित्र मला फार आवडतं, म्हणून काट्याच्या रेघा हव्याच होत्या. ३० गोळ्यांना ११ मिनिटं लागली. घड्याळ आठच्या पुढे गेलं होतं. उरलेल्यांना नुसता अंगठ्याने खळगा पाडला, त्याला ३ मिनिटं. खायला बसल्यावर फरक शोधला: रेघांच्या गोळ्यांना सॉस छान धरला होता, खळग्यात तो साठला होता. दोन्ही चांगल्या. खळग्याने मधला भाग पातळ होतो, त्यामुळे गोळी आतपर्यंत सारखी शिजते, हा जास्तीचा फायदा. रेघा रविवारसाठी राखून ठेवते.

वर आल्यावर लगेच काढू नका. वीस अंक मोजा, मग झाऱ्याने थेट सॉसच्या पॅनमध्ये. चाळणीत ओतून निथळू गेलात तर खालच्या गोळ्या वरच्यांच्या वजनाने दबतात.

बाबांनी पहिला घास घेतला, जिभेने टाळ्याला दाबला आणि म्हणाले, "दात लागलेच नाहीत." मग उरलेलं जेवण न बोलता संपवलं. औषधाची गोळी आठ बत्तीसला.

ओट्यावरच्या निम्म्या गोळ्या कच्च्याच ठेवल्या, शुक्रवारी होतील म्हणून. ताटात घालून फ्रिजमध्ये.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कच्ची न्योकी फ्रिजमध्ये रात्रभर टिकत नाही. सकाळी करड्या, ओल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या. ४० गोळ्या गेल्या. ठेवायची तर फ्रीजरमध्येच.

१६ फेब्रुवारी, रविवार

साठवणीचा घाणा. बुडालेले सव्वा किलो बटाटे, मिठावर ओव्हनमध्ये. सोलून साधारण एक किलो. मैदा २५० ग्रॅम, दोन बलक. मैद्याच्या प्रमाणात मी मुद्दाम वरची मर्यादा धरली, कारण गोठलेली गोळी पाण्यात जास्त वेळ राहते. एकूण २१२ गोळ्या, सगळ्या खळग्याच्या. बटाटे ओव्हनमधून काढल्यापासून १ तास १० मिनिटं उभी होते. कंबर बोलली, पण चार जेवणं झाली असा हिशोब.

ताटांवर एकेरी पसरून फ्रीजरमध्ये. पहिल्या ताटाला फक्त मैदा भुरभुरला होता. गोठल्यावर २० गोळ्या स्टीलला अशा धरल्या की काढताना तुटल्या. बाकीच्या ताटांवर बटर पेपर घालून रवा पसरला होता, त्या टक्कन सुटल्या. रवा मैद्यासारखा गोळीत मुरत नाही, आणि उकळताना पाण्यात झडून जातो. दोन तासांत कडक झाल्या, मग पिशवीत भरल्या. कडक व्हायच्या आधी पिशवीत भरल्या तर एकच ढेकूळ होईल. १९२ जमा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

३० गोळ्या सकाळी बाहेर काढून ठेवल्या, संध्याकाळी पटकन होतील असं वाटलं. पीठ झालं त्यांचं. गोठलेली न्योकी वितळू द्यायची नसते, फ्रीजरमधून सरळ पाण्यात.

मग फ्रीजरमधल्या ६० घेतल्या आणि एकदम सोडल्या. पाणी गार पडलं, पुन्हा उकळी यायला चार मिनिटं, तोवर डझनभर तळाला चिकटल्या. तीन लिटर पाण्याला एका वेळी वीसच. वीस सोडल्या तर उकळी मिनिटाभरात परत येते.

आज फार थकले होते, बटर तपकिरी करायची ताकद नव्हती. उकळलेलं पाणी अर्धी वाटी पॅनमध्ये घेतलं, त्यात थंड बटरचे तुकडे एक-एक घालत पॅन हलवला. दोन मिनिटांत पांढुरका, सौम्य सॉस. सुक्यामेव्याचा वास नाही, पण बाबांना उलट हाच बरा वाटला, हिरडीला झोंबत नाही म्हणाले. हा सॉस करपू शकत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला आता वाटतं. फक्त एकदा झाला की उकळवायचा नाही, उकळला की बटर वेगळं सुटतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळ लावून, दोघांसाठी, फ्रीजरमधल्या ६० गोळ्या.

शून्य मिनिटाला तीन लिटर पाणी, ३० ग्रॅम मीठ, झाकण ठेवून मोठ्या आचेवर. पाणी उकळेपर्यंत १२ मिनिटं गेली. त्यात ३० ग्रॅम पार्मेजान किसून ठेवलं, सेजची आठ पानं पुसली, खोलगट ताटल्या कोमट पाण्यात बुडवून पुसून घेतल्या. गार ताटलीत हा सॉस मिनिटभरात थिजतो.

बाराव्या मिनिटाला पहिल्या वीस पाण्यात आणि त्याच वेळी स्टीलच्या पॅनमध्ये ६० ग्रॅम बिनमिठाचं बटर मध्यम आचेवर. सोळाव्या मिनिटाला पहिल्या वीस वर आल्या. मी वीस अंक मोजत होते आणि बटरची तडतड मंदावली. सेज टाकली, रंग आला, गॅस बंद. पहिल्या वीस झाऱ्याने पॅनमध्ये. ओल्या गोळ्यांनीच बटर शांत होतं, पाण्याची उसळी येत नाही. हे आज कळलं आणि आता मी नेहमी असंच करेन. दुसऱ्या वीस, तिसऱ्या वीस. सगळ्या आल्यावर डावभर पाणी कडेने, मंद आच, पॅन अर्धा मिनिट हलवला. पुन्हा गॅस बंद आणि मगच चीज. आचेवर घातलं तर त्याच्या गाठी होतात, हे अकरा तारखेच्या सुपात झालं होतं, तिथे लिहायचं राहिलं.

२६ व्या मिनिटाला ताटल्या टेबलावर.

बाबांची कालच तपासणी झाली, जखम भरली आहे, हळूहळू नेहमीचं खायला हरकत नाही. ताटलीतल्या अर्ध्या संपल्यावर त्यांनी विचारलं, "यातल्या थोड्या तव्यावर लाल करता येतील का? कडा जरा कुरकुरीत." शेवटच्या बारा पॅनमध्ये परत घेतल्या, बटरचा एक लहान तुकडा, न हलवता दोन मिनिटं एका बाजूने. बाबांनी डाव्या बाजूने, सावकाश, सगळ्या चावून खाल्ल्या.

फ्रीजरमध्ये ४२ उरल्यात. पुढच्या रविवारी दीड किलोचा घाणा, बटाटे मिठाच्या पाण्यात तपासून.